यकृताच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, आता ताटात काय वाढायचं?

यकृताचं ऑपरेशन ठरलं की घरात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात: पैशांची जुळवाजुळव आणि पथ्य. पैशांचं टाळता येत नाही. पथ्य मात्र बहुतेक घरांत कुणी सांगितलेलं नसताना सुरू होतं आणि ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचेतो पेशंटला आणखी खंगवून ठेवतं. तेल बंद, तूप बंद, डाळ जड म्हणून बंद, अंडी उष्ण म्हणून बंद, हळद पिवळी म्हणून तीही बंद. उरतं काय, तर मऊ भात, ताक आणि उसाचा रस. यकृताला ‘आराम’ मिळावा म्हणून हे सगळं प्रेमानं चाललेलं असतं, त्यामुळे कुणाला बोलायचीही सोय नसते.

ज्यांच्या घरी अशी वेळ पहिल्यांदाच आली आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. यकृतातली गाठ, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची यकृतात पसरलेली गाठ, पित्ताशयाचा किंवा पित्तनलिकेचा कॅन्सर, हायडॅटिड सिस्ट (जंतामुळे होणारी पाण्याची गाठ), कारण काहीही असो. ऑपरेशन अगदी तातडीचं नसेल तर तपासण्या, भूलतज्ज्ञांची परवानगी, विम्याची किंवा सरकारी योजनेची मंजुरी यांत दोन ते चार आठवडे सहज जातात. आहारतज्ज्ञ म्हणून माझा आग्रह एकच आहे: हे आठवडे उपचारातच धरायचे आणि त्यातलं औषध म्हणजे जेवण.

आधी, हे इतकं महत्त्वाचं का?

१९३६ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये हायरम स्टडली नावाच्या सर्जननं अल्सरच्या ऑपरेशनच्या पेशंटांची आधीची वजनं तपासली. ज्यांचं वजन ऑपरेशनआधी २० टक्क्यांहून जास्त उतरलं होतं, त्यांच्यात तिघांमागे एक दगावला. बाकीच्यांत मृत्यूचं प्रमाण ३.५ टक्के होतं. तेव्हा पेनिसिलिनही वापरात आलेलं नव्हतं, त्यामुळे ते आकडे आज जसेच्या तसे लावायचे नाहीत. पण पुढे पोटाच्या मोठ्या ऑपरेशनांत पुन्हा पुन्हा हेच दिसत आलं आहे की खंगलेल्या पेशंटला जंतुसंसर्ग जास्त होतो, जखम उशिरा भरते आणि हॉस्पिटलातला मुक्काम लांबतो.

यकृताच्या बाबतीत गोष्ट आणखी नाजूक होते. अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) बनवणं, रक्त गोठवणारे घटक तयार करणं, साखर साठवून रात्रभर पुरवणं ही सगळी कामं ज्याची, त्याचाच तुकडा कापायचा असतो. निरोगी यकृत असेल तर मागे २० ते २५ टक्के भाग उरला तरी चालतं. बराच काळ केमोथेरपी झालेली असेल तर ३० टक्के लागतो आणि सिरोसिस, म्हणजे यकृत व्रण पडून कडक झालेलं, असेल तर ४० टक्क्यांच्या आसपास. हा उरलेला भाग पहिल्या दिवसापासून दुहेरी काम करतो: शरीर चालवायचं आणि स्वतः वाढायचं. त्या वाढीला प्रथिनं, ऊर्जा, फॉस्फेट लागतं. ते आधीच्या साठ्यातून नाही आलं तर स्नायू झिजवून येतं.

नंतरची गुंतागुंत म्हणजे नेमकं काय, तेही माहीत असू द्या. जखमेत किंवा पोटात पू होणं, छातीत पाणी, पोटात पाणी, कापलेल्या भागातून पित्त झिरपणं, न्यूमोनिया, आणि सगळ्यात वाईट म्हणजे उरलेलं यकृत कमी पडणं. यातलं सगळंच खाण्यावर अवलंबून नसतं. पित्त झिरपणं हे गाठ कुठे होती, किती मोठा भाग काढला यावरही असतं. चांगलं खाल्लं म्हणजे काहीच होणार नाही, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण अडचण आलीच तर तिच्यातून बाहेर पडायला लागणारी ताकद आधी कमावलेली असावी लागते.

केसपेपरवर ‘चाइल्ड ए’, म्हणजे सिरोसिसची सगळ्यात सौम्य श्रेणी, लिहिलेलं पाहून बरेच नातेवाईक निर्धास्त होतात. १९६४ साली चाइल्ड आणि टरकॉट यांनी सिरोसिसच्या पेशंटसाठी ही पाच निकषांची पट्टी काढली तेव्हा पोषण हा त्यातला एक निकष होता. १९७३ मध्ये प्यू यांनी सुधारणा करताना तो काढून त्या जागी रक्त गोठण्याची तपासणी घातली. म्हणजे आज त्या ‘ए’मध्ये पेशंट किती जेवतो, किती वाळला आहे, हे मोजलेलंच नसतं. ते तुम्हाला वेगळं सांगावं लागतं.

पायरी १: वजन आणि त्याचा इतिहास

आजचं वजन, आणि सहा महिन्यांपूर्वीचं वजन. दुसरं बहुतेकांना आठवत नाही, तेव्हा शोधायचं. जुना केसपेपर, विम्याच्या वेळची तपासणी, रक्तदान शिबिराचं कार्ड. काहीच नसेल तर पट्ट्याचं भोक कितव्यावरून कितव्यावर गेलं, बांगड्या कोपराकडे सरकतात का, अंगठीला दोरा गुंडाळायची वेळ आली का, हे विचारा. खेड्यात वजनकाटा नसतो असं म्हणतात. गिरणीत पोती मोजायचा काटा असतो, तो चालतो. मात्र दर वेळी तोच काटा, सकाळी, पोट साफ झाल्यावर.

गणित सोपं आहे. आधी ६२ किलो, आता ५५. सात किलो उतरले. सातला ६२ नं भागून शंभरनं गुणलं की ११ टक्के. सहा महिन्यांत ५ टक्क्यांवर घट असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगायचं. १० टक्क्यांवर गेली असेल तर आहारतज्ज्ञांची भेट झाल्याशिवाय ओपीडीतून निघायचं नाही.

आता यातली फसवणूक. पोटात पाणी झालेलं असेल किंवा पायांवर सूज असेल तर काटा खोटं बोलतो. माणूस आतून वाळत असतो आणि वजन तेवढंच दिसतं, कधी वाढतंही. घरचे म्हणतात, तब्येत सुधारली. अशा वेळी अंदाजे कोरडं वजन काढतात: पोटात थोडं पाणी असेल तर ५ टक्के वजा, मध्यम असेल तर १०, खूप असेल तर १५ टक्के, आणि दोन्ही पायांवर सूज असेल तर आणखी ५. हा हिशोब डॉक्टरांकडून करून घ्या, पण ‘कोरडं वजन किती धरायचं?’ हा प्रश्न तुम्ही विचारा. पोट मोठं आणि दंड काडीसारखे, कानशिलं खोल गेलेली, गळपट्टीची हाडं वर आलेली, असं चित्र असेल तर काट्याकडे बघूच नका.

पायरी २: ताकद

वजनापेक्षाही स्नायू जास्त सांगतात. घरी करता येईल अशी एक तपासणी आहे. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली साधी खुर्ची घ्या. पेशंटनं हात छातीवर आडवे ठेवून पाच वेळा पूर्ण उठायचं, पाच वेळा बसायचं. मोबाइलवर वेळ लावा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची ताकद कमी झाली आहे असं धरतात. शेजारी कुणीतरी उभं राहा, पेशंट पडला तर भलतंच व्हायचं. दुसरी खूण पोटरीची: शिंप्याच्या टेपनं पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा. पुरुषांत ३४ सेंटिमीटरच्या खाली आणि बायकांत ३३ च्या खाली असेल तर नोंद करून ठेवा. पायांवर सूज असेल तर हे माप निरुपयोगी.

हॉस्पिटलात हाताच्या पकडीचं यंत्र असेल तर तेही करून घ्या. आशियाई लोकांसाठी पुरुषांत २८ किलोच्या आणि बायकांत १८ किलोच्या खालची पकड कमजोर मानतात. गंमत म्हणजे सर्वांत चांगली तपासणी बहुतेक वेळा आधीच झालेली असते. गाठीसाठी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी स्नायूंचं क्षेत्रफळ मोजता येतं. रिपोर्टमध्ये ते सहसा लिहीत नाहीत. विचारलंत तर सांगतात.

पायरी ३: रिपोर्ट वाचताना

अल्ब्युमिनपाशी सगळे अडकतात. ३ ग्रॅमच्या खाली असेल तर ऑपरेशनची जोखीम वाढते हे खरं. पण यकृताच्या आजारात अल्ब्युमिन कमी असण्याचं कारण जेवण असेलच असं नाही. यकृत ते बनवू शकत नसेल, किंवा अंगात कुठे जंतुसंसर्ग, दाह असेल, तरी ते खाली येतं. शिवाय एकदा तयार झालेलं अल्ब्युमिन निम्मं व्हायलाच साधारण २० दिवस लागतात. धरणाची पातळी जशी एका सरीनं हलत नाही, तसं हे. त्यामुळे दहा दिवस नीट जेवूनही आकडा तोच राहिला तर हताश होऊ नका, आणि जेवण सोडू तर मुळीच नका.

‘अल्ब्युमिनची बाटली चढवून घेऊ या, पैसे जातील तर जातील’, असंही विचारतात. बाटलीला तिची कामं आहेत. पोटातलं पाणी मोठ्या प्रमाणात काढताना, किंवा त्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला तर ती जीव वाचवते. पण ती आहार नव्हे. बाटलीनं रिपोर्ट सुधारतो, स्नायू नाही.

बाकी रिपोर्टांत साखर बघा. तीन महिन्यांची सरासरी साखर खूप वाढलेली असेल तर ‘भरपूर खा’ आणि ‘साखर सांभाळा’ ही कसरत आहारतज्ज्ञांशिवाय जमत नाही. ड जीवनसत्त्व, बी १२, हिमोग्लोबिन यांत कमतरता असेल तर ती भरायला हेच आठवडे बरे. पित्तनलिका बंद होऊन कावीळ झालेली असेल तर चरबी पचत नाही आणि तिच्याबरोबर के जीवनसत्त्वही शोषलं जात नाही, म्हणून रक्त गोठायला वेळ लागतो; त्याची इंजेक्शनं डॉक्टर देतात. अशा पेशंटला तेलकट खाल्ल्यावर पांढरट, चिकट शौच होत असेल तर तेल तात्पुरतं कमी करायचं. ‘तेल बंद’ला खरा आधार एवढ्यापुरताच.

पायरी ४: तारीख पुढे गेली तर

हॉस्पिटलात दाखल करताना पोषणाच्या जोखमीचा एक छोटा तक्ता भरतात: वजन किती घटलं, खाणं किती कमी झालं, आजार किती गंभीर. त्यात धोका मोठा दिसला तर सर्जन म्हणू शकतात, ‘आधी दोन आठवडे खाऊन या.’ इथे घरात हल्लकल्लोळ होतो. गाठ वाढेल, पसरेल, दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊ या. जाऊ नका. युरोपच्या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: कुपोषण गंभीर असेल तर ७ ते १४ दिवस आहारोपचार करावा, कॅन्सर असला आणि त्यासाठी ऑपरेशन लांबवावं लागलं तरी. अशी तारीख पुढे ढकलणारा सर्जन टाळाटाळ करत नसतो. उलट ते विचारणारा सर्जन मिळाला याचं बरं वाटून घ्या.

तोंडानं पुरेसं जात नसेल तर नाकातून बारीक नळी घालून आहार देतात. नळी म्हटलं की लोक घाबरतात, ‘शेवटचं’ आल्यासारखं वाटतं. दहा-बारा दिवसांचं काम असतं ते.

इथे एक धोक्याची सूचना. जो माणूस आठ-दहा दिवस जवळजवळ उपाशी आहे, त्याला घरी एकदम भरपेट खाऊ घालू नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम धाडकन खाली येऊन हृदयावर बेतू शकतं. अशा पेशंटला आधी बी १ जीवनसत्त्व देऊन, रक्त तपासत, हळूहळू वाढवत नेतात, आणि ते हॉस्पिटलातच होतं.

पायरी ५: किती आणि काय

मोठ्या ऑपरेशनआधी किलोमागे २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं, हा ढोबळ हिशोब. सिरोसिस असेल तर कॅलरी ३५ पर्यंत. आपल्या ५५ किलोच्या पेशंटला म्हणजे ६६ ते ८२ ग्रॅम प्रथिनं लागतात. आपल्या नेहमीच्या घरगुती शाकाहारी जेवणात ती बहुतेकदा याहून कमी पडतात, आणि पथ्यावर असलेल्या पेशंटची तर आणखीच खाली.

याचं कारण पळीत आहे. पातेल्यातलं वरण न ढवळता पळी वरवर फिरवली की पिवळं पाणी येतं आणि डाळ तळाशी राहते. पेशंटला ‘पचायला हलकं’ म्हणून नेमकं तेच पाणी वाढतात. वाटी दिसते भरलेली, डाळ असते चमचाभर. त्याऐवजी मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम कोरडी तूरडाळ किंवा मूगडाळ फक्त पेशंटसाठी वेगळी शिजवा, घोटा, आणि ती पूर्ण वाटी त्यालाच द्या. यात ७ ग्रॅम प्रथिनं झाली.

एक दिवस असा बसतो. सकाळी पेलाभर दूध, साडेसहा ग्रॅम. नाश्त्याला ५० ग्रॅम मूगडाळीची धिरडी आणि अर्धी वाटी दही, पंधरा-सोळा ग्रॅम. अकराला मूठभर फुटाणे, सहा. दुपारी दोन पोळ्या किंवा एक मोठी भाकरी, घट्ट वरण, भाजी, थोडं दही, सोळा. चारला चाळीसेक ग्रॅम पनीर, सात. रात्री पोळी-भात आणि मटकीची किंवा मुगाची उसळ, तेरा. झोपताना दुधातली नाचणीची किंवा राजगिऱ्याची खीर, सात. बेरीज ७० च्या पुढे जाते. अंडी चालत असतील तर काम निम्म्यानं सोपं: एका अंड्यात ६ ग्रॅम, पिवळ्यासकट. मासे खाणाऱ्यांनी तर चिंताच करू नये. बांगड्याच्या दोन तुकड्यांचं कालवण भातावर घातलं की एका जेवणाचं भागलं. फक्त मासे, तिसऱ्या, कालवं पूर्ण शिजलेली हवीत. सिरोसिसमध्ये कच्च्या शिंपल्यांतून होणारा संसर्ग जिवावर बेतू शकतो.

भूक नसते ही खरी अडचण. तीन वेळा ताट भरून पुढे ठेवण्यापेक्षा सहा वेळा बशी ठेवा. पोटात पाणी असेल तर दोन घासांतच पोट गच्च होतं, अशा वेळी प्रत्येक घास दाट करा: खिचडीवर तूप, पोळीच्या पिठात सोयाबीनचं पीठ, दुधात दुधाची पावडर. पाणी, सूप, चहा जेवणाआधी देऊन पोट भरवू नका. मीठ कमी करायला सांगितलं असेल तर आधी लोणचं, पापड, खारे दाणे, वेफर्स काढा. भाजी मात्र इतकी अळणी करू नका की माणूस जेवायचंच सोडेल. लिंबू, आमसूल, जिरं, आलं-लसूण आहेत की.

गावाहून टाटा हॉस्पिटलसाठी येऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांना हा सगळा थाट कसा जमणार? त्यांनी चार वस्तू जवळ ठेवाव्यात: फुटाणे, दुधाची पावडर, सातूचं किंवा डाळ्याचं पीठ, आणि जवळच्या टपरीवर रोज मिळणारी उकडलेली अंडी. डाळ्याचं पीठ ताकात कालवलं की शिजवायचंही काम नाही.

प्रोटीन पावडरबद्दल थोडक्यात. डब्याच्या मागे बघा, पुढे नाही. शंभर ग्रॅममध्ये किती प्रथिनं आणि एका चमच्यात किती ग्रॅम पावडर बसते, हे दोन आकडे. दुधात घालायच्या बऱ्याचशा लोकप्रिय पावडरींत मुख्य माल साखरेचाच असतो. कोणता डबा घ्यायचा ते आहारतज्ज्ञ सांगतील, तोच घ्या; जिममधल्या भाच्याचा नको.

पायरी ६: पथ्य, उपास आणि काढे

हळदीनं कावीळ वाढत नाही. डोळे पिवळे होतात ते रक्तातल्या बिलिरुबिननं. फोडणीतली हळद खुशाल घाला. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल ही वेगळी गोष्ट. त्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत, त्या बंद.

‘प्रोटीन खाल्लं की मेंदूवर परिणाम होतो’ हा समज डॉक्टरांच्याच जुन्या सल्ल्यातून आला आहे. सिरोसिसमध्ये अमोनिया वाढून गुंगी, बरळणं होतं, म्हणून पूर्वी प्रथिनं तोडत. आता तोडत नाहीत, कारण स्नायूही अमोनिया निकामी करायला मदत करतात आणि प्रथिनं तोडली की ते झिजतात. ज्यांना असा त्रास होऊन गेला आहे त्यांना दूध-दही आणि डाळी-कडधान्यांची प्रथिनं जास्त मानवतात. पोट साफ ठेवण्याचं औषध दिलं असेल तर ते चुकवू नका.

आणि उपास. सोमवार, संकष्टी, एकादशी, त्यात श्रावण किंवा नवरात्र आलं तर बघायलाच नको. घरातल्या ज्येष्ठ बाईंनी चाळीस वर्षं धरलेला उपास ऑपरेशनच्या तोंडावर सोडायला सांगणं अवघड असतं, हे मला कळतं. पण सिरोसिस असलेल्या शरीरात रात्रीच्या दहा-बारा तासांच्या उपाशीपोटी जे घडतं, ते निरोगी माणसाला दोन-तीन दिवसांच्या कडक उपासानं घडतं. यकृतात साखरेचा साठाच नसतो, शरीर लगेच स्नायू मोडायला घेतं. आजाऱ्याला, बाळंतिणीला उपासातून सूट असते हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. गुरुजींकडून किंवा घरातल्या मोठ्यांकडून ते वदवून घ्या, आमच्यापेक्षा त्यांचं पटतं. तरीही ऐकलं नाही तर साबुदाण्याऐवजी राजगिरा, दूध, पनीर, दाण्याची आमटी. साबुदाण्यात प्रथिनं नावालाच असतात.

दाणे मात्र निवडून घ्या. काळपट, सुरकुतलेला, बुरशी आलेला, कडवट दाणा टाकून द्यायचा, भाजून ‘चालवायचा’ नाही. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे यकृताच्या कॅन्सरचं सिद्ध झालेलं कारण आहे आणि ते भाजण्यानं पूर्ण जात नाही.

रात्रीचा लांब उपास मोडायला झोपण्यापूर्वी थोडं खायचं, हा सिरोसिसच्या पेशंटसाठी सगळ्यात स्वस्त उपचार. सुमारे ५० ग्रॅम पिष्टमय पदार्थ आणि जोडीला थोडी प्रथिनं: एक पोळी दुधात कुस्करून आणि वर केळं, किंवा दोन ब्रेडचे तुकडे आणि दूध. नऊला जेवण झालं, आता कशाला, असं म्हणायचं नाही. सकाळी उठल्यावरही चहावर दोन तास काढायचे नाहीत.

काढे, भस्मं, ‘लिव्हर टॉनिक’, गुळवेल: जे घेत असाल ते सगळं, बाटलीसकट, डॉक्टरांना दाखवा. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या पेशंटांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला. तो वाद त्यांचा त्यांच्यापाशी. ऑपरेशनच्या आधी यकृतावर जरासाही संशयाचा भार नको, एवढं पुरे. दारू पूर्ण बंद, आणि भरपूर पिणारा असेल तर तसं डॉक्टरांना आधीच सांगा, कारण एकदम सोडल्यावर होणारा त्रास सांभाळावा लागतो. तंबाखू, मिश्री, विडी, सगळं किमान चार आठवडे आधी.

लठ्ठ पेशंटचं काय?

वजन ९० किलो म्हणजे पोषण उत्तम, असं नाही. चरबीखाली स्नायू झिजलेले असू शकतात, म्हणून खुर्चीची तपासणी त्यांनाही लागू. यकृतात चरबी जास्त असेल तर काही सर्जन ऑपरेशनआधी आठवडाभर, दोन आठवडे अगदी कमी कॅलरीचा पण पुरेशा प्रथिनांचा आहार देतात. त्यानं यकृत आक्रसतं आणि रक्तस्राव कमी होतो. यकृत दान करणाऱ्यांनाही वजन उतरवायला सांगतात. हे सांगितलं तरच करायचं, यूट्यूब बघून नाही. सिरोसिसच्या पेशंटनं तर हा प्रयोग स्वतःच्या मनानं अजिबात करू नये.

पायरी ७: चालणं आणि श्वास

प्रथिनं खाऊन दिवसभर पलंगावर पडून राहिलं तर स्नायू बनत नाहीत. दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटं चालणं, खुर्चीतून उठ-बस दहा-दहा वेळा. तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र आणायला सांगतील. शंभरातले बरेच पेशंट त्यात फुंकतात. फुंकायचं नसतं, नळी तोंडात धरून हवा आत ओढायची, चेंडू वर आले की दोन-तीन सेकंद धरायचे. याची सवय आधी झाली तर ऑपरेशननंतर पोटाला टाके असताना शिकायची वेळ येत नाही.

पायरी ८: आदली रात्र

‘रात्री दहानंतर पाण्याचा थेंबही नाही’ ही पद्धत आता मागे पडली आहे. भूल देण्याच्या सहा तास आधीपर्यंत हलकं जेवण आणि दोन तास आधीपर्यंत पाणी, दूध न घातलेला चहा यांसारखे पारदर्शक द्रव, असा आजचा सर्वसाधारण नियम आहे. काही ठिकाणी आदल्या रात्री आणि सकाळी पिष्टमय पेयही देतात. मात्र मधुमेह, पोटातलं पाणी, उशिरा रिकामं होणारं पोट अशा कारणांनी तुमच्या पेशंटचा नियम वेगळा असू शकतो. म्हणून भूलतज्ज्ञांना तोंडी विचारा: ‘शेवटचं खाणं किती वाजता, शेवटचं पाणी किती वाजता?’ आणि ते कागदावर लिहून घ्या. ऑपरेशन दुपारवर गेलं तर पुन्हा विचारा, नाहीतर पेशंट विनाकारण सोळा तास उपाशी राहतो.

ऑपरेशननंतर

पूर्वी गॅस पास होईपर्यंत तोंडाला काही लावत नसत. आता बऱ्याच ठिकाणी पहिल्याच दिवसापासून थोडं थोडं सुरू करतात. डॉक्टरांनी परवानगी दिली की नारळपाणी आणि साबुदाण्याच्या पेजेवर दिवस काढू नका. मऊ खिचडी, दही, अंडं, दूध यांवर लवकर या. पाचव्या दिवसाच्या आसपास डॉक्टर बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याचा आयएनआर बारकाईनं बघतात, कारण उरलेलं यकृत काम धरतंय की नाही हे तेव्हा कळतं. तेव्हा आकडे थोडे वर-खाली दिसले म्हणून घरच्यांनी पुन्हा ‘आराम’वालं पथ्य सुरू करायचं नाही. यकृत वाढत असतं ते नेमकं याच आठवड्यांत.

घरी आल्यावर महिनाभर तरी प्रथिनांचा तोच हिशोब ठेवा, आणि वजन आठवड्यातून दोनदा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते मांस नव्हे, पाणी असण्याची शक्यता जास्त. ताप, थंडी वाजणं, डोळे पुन्हा पिवळे दिसणं, पोट फुगत जाणं, जखमेतून किंवा नळीतून हिरवट-पिवळा स्राव वाढणं, काळं शौच, दिवसा गुंगी आणि रात्री जाग, असंबद्ध बोलणं, किंवा सलग दोन दिवस अर्धंही जेवण न जाणं, यांतलं काहीही दिसलं तर पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी वॉर्डला फोन करा, आणि फोन लागला नाही तर पेशंटला घेऊन थेट कॅज्युअल्टीत जा.